चढाकडे तोंड

बुधवारी सकाळी पावणेसातला वहिनींनी चावी फिरवली. सेल्फ गरगरला, गरगरत राहिला, पण इंजिन पेटलं नाही. दुसऱ्यांदा तेच. सहाव्या खेपेला सेल्फचा आवाज दमल्यासारखा झाला आणि आठव्याला नुसतं टक् झालं. समोरचे दिवे विझले. मागे व्हॅनमध्ये रुग्णालयाच्या दीडशे चादरी धुऊन, इस्त्री करून, दहा-दहाचे गठ्ठे बांधून ठेवलेल्या होत्या, आणि तिकडे साडेसातला वॉर्डातल्या चादरी बदलायला सुरुवात होते.

वहिनी खाली उतरल्या. त्यांनी बॉनेटकडे पाहिलं नाही. आधी दिराच्या खिडकीकडे पाहिलं.

खिडकी उघडी होती आणि धाकटा दात घासत उभा होता.

"होत नाही का चालू?" तो फेसाळ तोंडानं म्हणाला.

"तुम्हाला कसं कळलं, भावजी?"

"अहो, अर्ध्या गल्लीला कळलंय. आठ वेळा सेल्फ मारलात. मेलेला माणूस उठून बसला असता."

"मोजत होतात वाटतं."

धाकट्यानं चूळ भरली आणि खिडकी लावून घेतली. वहिनींनी तेही मनात टिपून ठेवलं. निर्दोष माणूस खिडकी कशाला लावेल?

वहिनी अशाच. सगळी गल्ली त्यांना वहिनी म्हणते, त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठी माणसंही, आणि सगळी गल्ली त्यांच्याशी जरा जपूनच बोलते. दुधात बोट बुडवून पाहिल्याशिवाय त्या पातेलं आत नेत नाहीत. "बरं आहे" असं कुणी म्हणालं तर "का, काय झालं?" असं विचारतात. यात त्यांचा दोष थोडा आणि धंद्याचा जास्त. बावीस वर्षं दुसऱ्यांचे कपडे धुताना माणूस काय काय पाहतो. मी पडलोच नाही म्हणणाऱ्याच्या गुडघ्याला माती असते आणि दारू सोडली म्हणणाऱ्याच्या कॉलरला वास असतो. कपडे घेताना वहिनी खिसे उलटे करतात, शिवणी उजेडात धरतात, आणि डाग कशाचा आहे ते गिऱ्हाइकाला विचारत नाहीत, सांगतात.

लाँड्री सासऱ्यांनी सुरू केलेली. तळमजल्यावर दोन मोठी मशिनं, बॉयलर, इस्त्रीचं लांब टेबल. वर घर, मागच्या दोन खोल्यांत धाकटा आणि त्याचा संसार. व्हॅन सासऱ्यांच्या नावावर, पण चालवली ती थोरल्यानं, म्हणजे वहिनींच्या नवऱ्यानं. त्यांना सगळे दादा म्हणतात. दादांनी ही गाडी अठरा वर्षं चालवली, स्वतः उघडली, स्वतः बसवली. मग साखरेच्या दुखण्यानं डोळ्यांचा पडदा धरला. माणूस दिसतो पण चेहरा दिसत नाही, फलक दिसतो पण अक्षर दिसत नाही, अशी अवस्था झाली, आणि एक दिवस त्यांनी सायकलवाल्याला जेमतेम चुकवून गाडी घरी आणली ती चावी टेबलावर ठेवली. परत उचलली नाही.

ती वहिनींनी उचलली. वय त्रेचाळीस. दादांनीच शेजारी बसून शिकवलं, आणि शिकवताना गाडी चालवण्यापेक्षा गाडी ओळखण्यावर जास्त जोर दिला. तेल कसं पाहायचं, पट्टा ओरडला तर काय, फिल्टर कसा बदलायचा. तेव्हा दोघांचे आवाज गल्लीभर ऐकू येत. "क्लच सोड. सोड म्हणजे टाकून नको देऊ!" "मग सोड का म्हणालात?" तीन महिन्यांत वहिनी एकट्या जाऊ लागल्या. दादा मागे राहिले ते घड्या घालायच्या टेबलाशी. उशांच्या खोळी, टॉवेल, मग पुन्हा खोळी. वहिनी परत आल्या की ते म्हणत, "या, ड्रायव्हरसाहेब." पहिल्या वर्षी यात गंमत होती. दुसऱ्या वर्षी ती आहे की नाही याबद्दल वहिनींना शंका येऊ लागली.

गाडीचं दुखणं सुरू झालं त्याला तीन आठवडे झाले होते. आधी चार सेल्फ लागायचे, मग आठ, मग पंधरा. पण रोज नाही. तिथेच कुठेतरी पाणी मुरत होतं. वहिनींनी कॅलेंडरवर खुणा केल्या आणि खुणांतून जे दिसलं त्यानं त्यांच्या मनात पाल चुकचुकली. धाकटा वॉशिंग मशिनं दुरुस्त करतो, आणि सोमवारी आणि गुरुवारी संध्याकाळी मशिनं आणायला-पोचवायला व्हॅन नेतो. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी गाडी पहिल्या सेल्फला चालू. बाकीच्या दिवशी, म्हणजे वहिनींनी लावलेली असली की, रडारड.

आणि आणखी एक. मंगळवारी आणि शुक्रवारी पुढच्या डाव्या चाकाशी रस्त्यावर बशीएवढा ओला डाग असे. वहिनींनी बोट लावून वास घेतला. डिझेल.

त्यांनी पाळत ठेवली. बॉनेटच्या फटीवर ओल्या साबणानं पांढरा दोरा चिकटवला, कुणी उघडलं तर तुटेल असा. सकाळी दोरा जागच्या जागी, आणि गाडी तरीही बंद. दुसरं कुणी म्हणालं असतं, चला, म्हणजे कुणी हात लावला नाही. वहिनी म्हणाल्या, त्यानं दोरा पाहिला आणि परत चिकटवला. साबण काय त्याच्या घरात नाही?

शेवटी रविवारच्या जेवणाला, सगळे बसलेले असताना, त्यांनी बोलून टाकलं. "भावजी गाडीतलं डिझेल काढतात, आणि मी चालवायला घेतली की बंद पडावी म्हणून काहीतरी करून ठेवतात."

धाकट्याचा घास हातातच राहिला. "मी? मी डिझेल पिऊ का काय?"

"ते तुम्हालाच माहीत."

"दादा, ऐकतोयस ना? मला चोर म्हणतायत वहिनी. अरे, माझ्या हातात गाडी सुतासारखी चालते आणि वहिनींच्या हातात मरते, यात माझा काय गुन्हा? हात पाहावा ज्यानं त्यानं आपला."

दादा खाली मान घालून जेवत राहिले. सासरे ऐंशीचे आहेत, पण कान तिखट. त्यांनी ताट सरकवलं आणि सांगितलं, "पुढच्या रविवारपर्यंत काय ते शोधा. दोष सापडला नाही आणि गाडी त्याच्या हातातच नीट चालत असेल, तर त्यानं चालवावी. सूनबाई इस्त्रीकडे बघतील. रुग्णालयाचं काम एकदा हातचं गेलं तर परत यायचं नाही."

इस्त्रीकडे. ते वाक्य दोन दिवस वहिनींच्या डोक्यातून गेलं नाही. सकाळचे दोन तास, जेव्हा कुणी त्यांना हाक मारत नाही, काच खाली असते, आणि रस्ता त्यांचा असतो, ते कुणी काढून घेणार होतं. आणि ज्यानं काढून घ्यायचं ठरवलं त्याचं नाव आपल्याला ठाऊक आहे, अशी त्यांची खात्री होती.

त्या बुधवारी चादरी भाड्याच्या टेम्पोनं पाठवाव्या लागल्या. मेट्रननं फोनवर एवढंच म्हटलं, "आणखी एकदा असं झालं तर मला दुसरं कुणी बघावं लागेल, बाई." नऊ वाजता वहिनींनी मिस्त्रीला बोलावलं.

या मिस्त्रीला लोक इन्स्पेक्टर म्हणतात. तो आल्याबरोबर गाडी उघडत नाही. आधी माणसं उघडतो. सुकलेल्या मिरचीसारखा बारीक माणूस, तोंडात कधी न पेटवलेली विडी, आणि गिऱ्हाइकाच्या एकाही शब्दावर विश्वास नाही. वहिनींचं आणि त्याचं यामुळेच पटतं, आणि यामुळेच पटत नाही.

"काल गाडी कुणी लावली?"

"मी."

"कुठून आलात?"

"रुग्णालयातून. आणखी कुठून येणार?"

"म्हणजे खालच्या अंगानं. तोंड कुठे होतं?"

"माझं?"

"गाडीचं हो."

"आहे तिथेच. वर."

मिस्त्री रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला आणि गल्लीकडे असा पाहू लागला जसा कुणी तिरकी टांगलेली तसबीर पाहतो. गल्ली चढाची आहे. खालचं टोक रुग्णालयाकडे, वरचं बाजाराकडे.

"धाकटे कुठे आहेत?"

धाकटा शर्टाची बटणं लावत आला. "मी काही केलेलं नाही," तो आधीच म्हणाला.

"विचारलंय कुणी? तुम्ही गाडी आणता तेव्हा कुठून येता?"

"बाजाराकडून. वरून."

"आणि लावता कशी?"

"येतो तशी. इथे वळवायला जागा कुठाय? म्हैस आडवी उभी राहिली तर गल्ली बंद होते."

"म्हणजे तोंड खाली."

"आता तोंड खाली करून लावणं हाही गुन्हा झाला का?"

मिस्त्रीनं स्वतःची बॅटरी आणून तारा जोडल्या, वहिनींना सेल्फ मारायला सांगितलं आणि धाकट्याला मागे सायलेन्सरशी उभं केलं. "धूर येतो का बघा. पांढरा, पातळ, कसलाही."

सेल्फ जोमात फिरला. "नाही," धाकटा ओरडला. "श्वाससुद्धा नाही."

"डिझेल पोचून पेटलं नसतं तर धूर आला असता. म्हणजे पोचतच नाही." मिस्त्रीनं बॉनेट उघडलं आणि वहिनींना हाक मारली. डिझेलच्या फिल्टरवर हातानं दाबायचा छोटा पंप असतो. "दाबा."

वहिनींनी दाबला. रिकाम्या पिशवीसारखा लुळा.

"दाबत राहा."

पंधरा, वीस, पंचवीस. तिसाव्या दाबाला पंप बोटांखाली घट्ट झाला. मिस्त्रीनं सेल्फ मारला. गाडी खोकली, थरथरली, आणि सुरू झाली.

"लाइन एअर धरतेय," तो म्हणाला. "कुठेतरी बारीक फट आहे. आता तुमच्या दोघांचं भांडण ऐका. टाकी मागे, इंजिन पुढे. तुम्ही लावता तेव्हा तोंड वर. म्हणजे इंजिन वर, टाकी खाली. सकाळपर्यंत डिझेल गुपचूप टाकीत परत जातं आणि फटीतून हवा आत येते. हे लावतात तेव्हा तोंड खाली, टाकी वर. डिझेल परत जाणार कुठे? पुढेच थांबतं, शिवाय थोडं फटीतून बाहेर झिरपतं."

"चाकाशी," वहिनी म्हणाल्या.

"डाग पडत असणार. डाव्या बाजूला."

धाकट्यानं कमरेवर हात ठेवले. "म्हणजे वहिनी, ते डिझेल मी काढत नव्हतो?"

"ते अजून ठरायचंय."

"आता काय ठरायचंय! सगळ्यांसमोर चोर म्हणालात तेव्हा नाही ठरवत बसलात!"

"फट पडली कशी ते कळू दे आधी," वहिनी म्हणाल्या. "फट काय आपोआप पडते?"

धाकटा हात झटकून कामाला निघून गेला. मिस्त्रीनं मात्र विडी या गालातून त्या गालात घेतली आणि वहिनींकडे जरा आदरानं पाहिलं. प्रश्न बरोबर होता.

त्यानं पारदर्शक नळीचा तुकडा काढला. आधी टाकी आणि फिल्टरच्या मध्ये बसवला. गाडी चालू केली. नळीतून पिवळसर डिझेल काचेसारखं स्वच्छ वाहत होतं. मग तोच तुकडा फिल्टरच्या पुढे बसवला. नळीत बुडबुडे, सोड्याच्या बाटलीत असतात तसे, एकामागे एक.

"आत जाताना साफ, बाहेर येताना बुडबुडे. चोर इथे आहे."

त्यानं फिल्टर पकडून फिरवला. फिल्टर डब्यासारखा असतो, वरच्या बैठकीत आट्यांवर बसतो, आणि मध्ये रबराची एक रिंग असते जी हवा आत येऊ देत नाही. मिस्त्रीनं फिल्टर उतरवला, त्याच्या कडेची रिंग पाहिली, मग मान वाकडी करून वरची बैठक पाहिली आणि विडी तोंडातून काढली.

"या इकडे. काही बोलू नका, नुसतं पाहा."

फिल्टरवर नवी रिंग होती. आणि वर बैठकीला, काळ्यावर काळी, दुसरी एक रिंग चिकटलेली होती. जुन्या फिल्टरची. ती काढायची राहिली होती आणि तिच्यावरच नवा फिल्टर घट्ट केला होता. दोन रबरं एकमेकांवर घसरून मध्ये केसाएवढी फट पडली होती.

"तुम्हीच बदलला होता फिल्टर," वहिनी म्हणाल्या.

"मी बदलतो त्यावर पांढऱ्या रंगानं किलोमीटर लिहितो. यावर आहे काही? आणि मी या धंद्यात पस्तीस वर्षं आहे, वहिनी. जुनी रिंग ठेवून फिल्टर लावणारा माणूस एक तर नवशिका असतो नाहीतर..." तो थांबला.

"नाहीतर?"

"नाहीतर काही नाही."

वहिनी उभ्या राहिल्या. फिल्टरचा रंग हिरवा होता. हिरवे फिल्टर घरात एकाच ठिकाणी होते, पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत. दादांच्या. पेटीला ते कुणाला हात लावू देत नाहीत. मिस्त्री न बदलताच बदलला म्हणून सांगतो, असा दादांना वर्षानुवर्षं संशय. वहिनी सकाळच्या फेरीला गेल्यावर गाडी घरी नसते, पण दुपारी गाडी दारात असते आणि त्या आत बॉयलरशी. तेवढा वेळ पुरेसा होता.

पण दादा, आणि रिंग विसरतील? त्यांनीच तर शिकवलं होतं. याच ठिकाणी उभं राहून, वहिनींचं बोट हातात धरून बैठकीवरून गोल फिरवलं होतं. "जुनी रिंग वर चिकटून राहते. आधी बोट फिरवायचं. डोळ्यांवर विसंबू नकोस, काळ्यावर काळं दिसत नाही." एकदा नाही, तीनदा. हे सांगणारा माणूस चुकून रिंग ठेवत नाही. ठेवली तर मुद्दाम ठेवतो.

मग एकेक गोष्ट आपापल्या जागी जाऊन बसू लागली. ड्रायव्हरसाहेब. महिन्यापूर्वी म्हणाले होते, "धाकट्याला दे की चालवायला, तुझी दगदग वाचेल." रविवारी आपण आणि भावजी भांडत असताना मान वर करून एक शब्द बोलले नव्हते. बायको रस्त्यावर आणि आपण खोळींच्या घड्या घालत बसलोय, हे माणसाला किती दिवस गोड लागेल? वहिनींना दिरावर संशय होता तेव्हा राग आला होता. आता राग आला नाही.

"ती रिंग काढू नका," त्या मिस्त्रीला म्हणाल्या.

"का?"

"राहू दे तिथेच. मी ह्यांना बोलावते. नवा फिल्टर ते बसवतील."

मिस्त्रीच्या लक्षात आलं. "वहिनी, हे बरं नाही. नवऱ्याची परीक्षा अशी घेऊ नये."

"तुम्ही आधी माणसं उघडता ना? मग उभे राहा आणि बघा."

दादा आले ते गाडीच्या अंगावरून हात फिरवत, वासराच्या पाठीवरून फिरवावा तसा. बोलावल्याचा आनंद त्यांच्या चालण्यात होता. "काय मिस्त्री, अडलं का माझ्याशिवाय?"

"फिल्टर बसवायचाय," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही बसवता का?"

"आण."

वहिनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होत्या. नवऱ्याचा खोटा चेहरा त्यांना ठाऊक होता. चोरून बिस्किट खाल्लं की हनुवटी वर जाते. त्या हनुवटीची वाट पाहत होत्या. फिल्टर हातात घेण्याआधी दादांनी, न सांगता, सवयीनं, उजवं बोट वर नेलं आणि बैठकीच्या कडेवर टेकवलं. डोळे मिटले. बोट गोल फिरलं. रिंग बुटाच्या नाडीएवढी जाड होती आणि बोट तिच्यावरूनच जात होतं. एक फेरा पुरा झाला. त्यांनी दुसरा घेतला, आणखी सावकाश.

"साफ आहे," ते म्हणाले. "दे नवा."

हनुवटी जागची हलली नव्हती.

वहिनींच्या हातातला फिल्टर हातातच राहिला. मिस्त्रीनं पुढे होऊन दादांचं मनगट धरलं आणि बोट रिंगेवर दाबलं. "दादा, इथे काय लागतंय?"

"कुठे?"

"बोटाखाली."

दादांनी बोट दाबून पाहिलं, अंगठा लावून पाहिला. मिस्त्रीनं नखानं रिंग उचकटली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली. पांढऱ्या तळहातावरचं काळं कडं त्यांना दिसलं.

"अरेच्चा," ते हळूच म्हणाले.

"केव्हापासून?" वहिनींनी विचारलं.

"काय केव्हापासून?"

"बोटांना कळत नाही, हे."

"थंडीपासून."

"गेल्या थंडीपासून?"

"हं."

"की आधीच्या?"

"...आधीच्या."

"आणि गार-गरम?"

"कळतं की. म्हणजे साधारण कळतं." त्यांनी बोटं आत मिटली. मधल्या पेरावर भाजल्याचा जुना चट्टा होता, इस्त्रीचा. वहिनींनी तो पाहिला होता, आणि डोळ्यांना दिसत नाही म्हणून लागला असेल, असं धरून चालल्या होत्या. दुसऱ्यांच्या कपड्यांवरचे डाग ओळखणाऱ्या बाईनं घरातला चट्टा असा सोडून दिला होता. वर्षभर बिनबटणांचे सदरे घालणारा हा माणूस आळशी झालाय, असंही त्या सगळ्यांना सांगत होत्या.

"सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर हातातले पाने काढून घेतले असतेस."

"घेतलेच असते!"

"मग?" दादा म्हणाले. नंतर त्यांना काहीतरी सुचलं असावं. त्यांनी वहिनींच्या दिशेनं तोंड वळवलं. "ही रिंग वर होती, तुला माहीत होतं. तरी मला बोलावलंस."

"हो."

"तुला वाटलं, मी मुद्दाम..."

नाही म्हणायला हवं होतं. वहिनींना ते जमलं नाही. "हो," त्या म्हणाल्या.

दादांनी रिंग मिस्त्रीच्या हातात दिली आणि गाडीच्या अंगाला हात न लावता आत गेले.

मिस्त्रीनं बैठक कापडानं पुसली, नव्या रिंगेला डिझेलचं बोट लावलं, फिल्टर बसवला आणि पांढऱ्या रंगानं किलोमीटर लिहिले. जाताना म्हणाला, "कुणी विचारलं तर मी सांगणार नाही. तुमचं तुम्ही बघा."

गुरुवार, शुक्रवार, शनिवार. वरच्या अंगाला तोंड असो की खालच्या, गाडी पहिल्या सेल्फला चालू. घरात मात्र कुणी त्याबद्दल बोललं नाही. दादा घड्या घालत होते आणि "ड्रायव्हरसाहेब" म्हणत नव्हते. आता वहिनींना नवी शंका. रविवारी हे गप्प बसतील. फिल्टर कुणी बदलला असं सासरे विचारतील, हे ताटात पाहत राहतील, आणि दोष चालवणारीच्या माथी जाईल. आपण सांगू, असं त्यांनी ठरवलं. पण आधी त्यांना संधी देऊ. किती? पाण्याचा तांब्या भरून होईपर्यंत.

रविवारी जेवणं झाली. सासऱ्यांनी गाडीची चावी मागून घेतली होती. ती त्यांच्या गुडघ्याशी होती.

"काय निघालं?"

"फिल्टरवर जुनी रिंग राहिली होती," वहिनी म्हणाल्या. "तिच्यामुळे हवा शिरत होती."

"म्हणजे मी चोर नाही," धाकटा म्हणाला. "कुणीतरी हे मोठ्यानं म्हणेल का?"

"फिल्टर बदलला कुणी?" सासऱ्यांनी विचारलं. "मिस्त्रीनं?"

"नाही."

"मग?"

वहिनी तांब्या भरायला उठल्या. नळ बारीक सोडला. तांब्या अर्धा झाला, पाऊण झाला.

"मी बदलला, बाबा," दादा म्हणाले. "रिंग राहून गेली."

सासऱ्यांनी मान हलवली. "तुझ्याकडून? तुला फिल्टर बदलायला मी शिकवलंय. रिंग राहून जाते तुझ्याकडून? बायकोला पाठीशी घालू नकोस."

"मी बदलला म्हणतोय ना."

"खोटं. तिनं बदलला असणार आणि तू अंगावर घेतोयस. तुझी ही सवय लहानपणापासूनची आहे. धाकट्यानं काच फोडली तरी तूच मार खायचास."

आता वहिनींना बोलायचं होतं, पण दादांनी हात वर केला. डोळे मिटले आणि हात पाठीमागे नेला. "धाकट्या, हातात काहीतरी ठेव. काहीही."

"काय ठेवू?"

"जे असेल ते."

धाकट्यानं इकडेतिकडे पाहिलं. बापाच्या गुडघ्याशी चावी होती, तीच उचलली आणि भावाच्या तळहातावर ठेवली. दादांनी ती चिमटीत फिरवली, दाबली, उलटी केली. अठरा वर्षं रोज हातात घेतलेली चावी. सगळे पाहत होते.

"नाणं," दादा म्हणाले. मग कुणी काहीच बोलेना म्हणून, "बटण?"

धाकट्यानं एकदम तोंड वळवलं. सासरे हात टेकून उठले, थोरल्याच्या हातातून चावी काढून घेतली, आणि तांब्या घेऊन उभ्या असलेल्या सुनेपुढे धरली. "घे," ते म्हणाले. त्यांना खाली बसायला बराच वेळ लागला.

"आणि माझं काय?" थोड्या वेळानं धाकटा म्हणाला. आवाज नीट लागत नव्हता, पण त्याला तो थट्टेचा करायचा होता. "डिझेलचोराचं?"

"चुकले, भावजी."

"बस? एवढंच?"

"उद्या संध्याकाळी गाडी न्याल, तेव्हा परवा सकाळी खाली डाग नसला, तर पुरतं म्हणेन."

"बघा, बघा बाबा!" धाकटा म्हणाला, आणि दादाच पहिले हसले.

सोमवारी पावणेसातला गाडी चढाकडे तोंड करून उभी होती आणि एका सेल्फला सुरू झाली. वहिनींनी ती तशीच चालू ठेवली आणि शेजारचं दार उघडलं. दादा दारात उभे होते, धुतलेला सदरा घालून. आज त्याला बटणं होती, वहिनींनी लावलेली.

"आधी चादरी पोचव," ते म्हणाले. "मला मग ने."

"तिथेच तर जायचंय. चादरी उतरवल्या की तुम्हाला उतरवते. मेट्रननं डॉक्टरांना सांगून ठेवलंय."

"तू तिला काय सांगितलंस?"

"खरं."

दादा चढून बसले. त्यांनी पट्टा ओढला आणि खाचेत घालायला गेले. एकदा हुकला, दुसऱ्यांदा हुकला. वहिनींनी हात पुढे केला नाही, समोर रस्त्याकडे पाहत राहिल्या. तिसऱ्यांदा कट् असा आवाज आला.

"लागला," दादा म्हणाले.

वहिनींनी हात लांब करून पट्टा ओढून पाहिला. लागला होता. मग त्यांनी गिअर टाकला.